केळ्यावरच्या चिलटाचा मेंदू: वास, शॉक आणि निवड

गंधवेध

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर. आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे शेतीच्या लिखाणात 'फळमाशी' म्हणतात ती आंब्यात अंडी घालणारी, मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात येणारी बॅक्ट्रोसेरा. तिचं कुळच वेगळं. या धाग्यात 'माशी' म्हटलं की अडीच-तीन मिलिमीटरचं चिलट समजावं.

प्राणी शिकतो तेव्हा मेंदूत नेमकं कुठे काय बदलतं आणि त्यातून 'इकडे की तिकडे' हे कसं ठरतं? या प्रश्नाचं उत्तर पेशीचं नाव घेऊन देता येईल असे प्राणी मोजकेच आहेत. ही माशी त्यांत पहिल्या रांगेत आहे. २०२४ मध्ये मादी माशीच्या पूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आहेत. पण वास शिकण्याचं मुख्य काम त्यातल्या एका छोट्या भागात चालतं. त्याचं नाव मशरूम बॉडी.

वासाची वाट अशी. शृंगिकेवरच्या ग्राहीपेशींकडून संदेश अँटेनल लोबमधल्या पन्नासेक गाठींत येतो. तिथून प्रोजेक्शन पेशी, दर बाजूला साधारण दीडशे, तो मशरूम बॉडीतल्या केन्यन पेशींकडे नेतात. या दर बाजूला सुमारे २०००. एकेक केन्यन पेशी जेमतेम सहा-सात प्रोजेक्शन पेशींचं ऐकते आणि त्यातल्या बऱ्याचशा एकदम बोलल्या तरच पेटते. म्हणून एका वासाला पाच ते दहा टक्के केन्यन पेशीच प्रतिसाद देतात. दुसऱ्या वासाला दुसऱ्याच.

आता खरी गोष्ट. केन्यन पेशींचे लांब तंतू पंधरा कप्प्यांतून जातात. चाळीची गॅलरी डोळ्यांसमोर आणा. गॅलरी एकच, ती प्रत्येक खोलीच्या दारावरून जाते. पण प्रत्येक खोलीत स्वतःची डोपामिन पेशी आणि स्वतःची आउटपुट पेशी. आउटपुट पेशींचे प्रकार फक्त २१, दर बाजूला पेशी ३४. म्हणजे दोन हजारांची गर्दी चौतीस दारांतून बाहेर पडते. वास कोणता, हे दोन हजारांत लिहिलेलं असतं. त्या वासाचं करायचं काय, हे या चौतिसांत.

काही आउटपुट पेशी माशीला वासाकडे ओढतात, काही लांब नेतात. वासासोबत विजेचा शॉक बसला की पीपीएल१ गटातल्या डोपामिन पेशी पेटतात आणि त्या 'ओढणाऱ्या' आउटपुट पेशींच्या कप्प्यांत डोपामिन सोडतात. साखर मिळाली की पीएएम गटातल्या पेशी पेटतात आणि 'लांब नेणाऱ्यांच्या' कप्प्यांत सोडतात. ज्या केन्यन पेशी त्याच वेळी पेटलेल्या असतात, त्यांचा त्या कप्प्यातला जोड दोन्ही बाबतीत कमकुवत होतो. तराजूच्या एका पारड्यातलं वजन उचललं की दुसरं खाली जातं, तसं. शॉकच्या वासाची ओढ गेली, उरली ती टाळाटाळ.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. २०१५ मध्ये त्या पंधरांपैकी गामा-१ पेडंकल नावाच्या कप्प्याच्या एका आउटपुट पेशीत इलेक्ट्रोड ठेवून पाहिलं गेलं. एक वास आणि त्या कप्प्याच्या डोपामिन पेशीचं कृत्रिम उद्दीपन, एवढंच एक मिनिट एकत्र दिलं. नंतर त्या वासाला पेशीचा प्रतिसाद जवळजवळ मावळला. दुसऱ्या वासाला मात्र बराचसा टिकून होता.

डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' हे समीकरण इथे पूर्ण मोडतं. त्याचा अर्थ ते कोणत्या कप्प्यात सांडलं यावर ठरतो.

मोजपट्टी

सर्किट नेमकं मांडलंत. पण ही सगळी इमारत उभी आहे ती टी-मेझ नावाच्या, माश्यांना दोन वासांतून एक निवडायला लावणाऱ्या, एका प्लॅस्टिकच्या उपकरणावर. तो चुकीचा चालवला तर वरच्या कुठल्याच विधानाला अर्थ उरत नाही, म्हणून पद्धत तपशिलात लिहितो.

मूळ कल्पना क्विन, हॅरिस आणि बेंझर यांची, १९७४, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. आज वापरतात तो टी-मेझ टली आणि क्विन यांचा, १९८५ चा.

माश्या २ ते ५ दिवसांच्या. आदल्या दिवशी ताज्या अन्नाच्या नळीत हलवाव्यात. शेवटच्या २४ तासांत कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करू नये. नर-मादी निवडणं, मोजणं हे सगळं त्याआधी उरकावं. खोली २५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ७० टक्के, मंद लाल दिवा. माशीला गडद लाल फारसं दिसत नाही, आपल्याला काम करता येतं.

वास दोन: ३-ऑक्टॅनॉल आणि ४-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल. मिनरल ऑइलमध्ये साधारण १:१००० पासून सुरुवात करा आणि तिथून जुळवत न्या. हवा ढकलायची नाही, पंपाने ओढायची. ढकलली तर फटीफटींतून वास खोलीभर होतो.

साधारण १०० माश्या तांब्याच्या ग्रिडने आतून मढवलेल्या नळीत घ्याव्यात. पहिला वास ६० सेकंद, आणि त्याच मिनिटात १२ शॉक, प्रत्येक १.२५ सेकंदाचा, दर ५ सेकंदांनी एक, ६० ते ९० व्होल्ट डीसी. मग ३० ते ४५ सेकंद स्वच्छ हवा. मग दुसरा वास ६० सेकंद, शॉकशिवाय. पुन्हा स्वच्छ हवा. मग मधला सरकता भाग खाली नेऊन माश्या दोन नळ्यांच्या तिठ्यावर आणायच्या. एका बाजूने एक वास, दुसऱ्या बाजूने दुसरा. दोन मिनिटं निवडू द्यायचं, दारं बंद करायची आणि दोन्हीकडच्या मोजायच्या.

बिघडतं ते बहुतेक वेळा ग्रिडपाशी. माश्यांच्या विष्ठेचा थर दोन तारांमधे बसतो, त्यात ७० टक्के आर्द्रता, की विजेला तिथूनच रस्ता मिळतो आणि माशीच्या पायांपर्यंत पुरेसा प्रवाह पोचत नाही. पॉवर सप्लायवर आकडा ९० च दिसतो, म्हणून लक्षात येत नाही. व्होल्टेज ग्रिडच्या टोकांवर, शॉक चालू असताना मोजावं. आणि डोळ्यांनी पाहावं: दर पल्सला माश्या उसळल्या पाहिजेत. उलट हवा फार कोरडी असली तर पाय आणि तांबं यांचा संपर्कच नीट होत नाही. दोन्हींचं लक्षण सारखंच, गुण कमी; उपाय मात्र उलटे. ग्रिड रोज पाण्याने आणि मग अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवावं.

दुसरा त्रास सिलिकॉनच्या नळ्यांचा. त्या वास पितात आणि तासन् तास सोडत राहतात. टेफ्लॉन घ्यावं, आणि दोन वासांच्या नळ्यांची कधीही अदलाबदल करू नये. तिसरा त्रास, दोन बाजूंचा प्रवाह सारखा नसणं. दोन्हीकडे नुसतं तेल ठेवून माश्या सोडा. ५०-५० येत नसेल तर वासाचा प्रयोग सुरूच करू नका. प्रवाह, उजेडाची फट, उपकरणाचा कल, हे आधी तपासा.

सरकता भाग आपटून खाली नेऊ नये, हेही आवर्जून सांगतो. धक्क्याने माश्या दोन मिनिटं नुसत्या धावत सुटतात.

निळीशाई

गुणांकनाबद्दल एक विचारायचं होतं. ऑक्टॅनॉलवर शॉक दिलेल्या गटात ८५ माश्यांनी ते टाळलं, १५ तिकडे गेल्या. दुसऱ्या गटात शॉक मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉलवर होता, तिथे टाळणाऱ्या ६५ आणि जाणाऱ्या ३५. पहिला गट जास्त चांगला शिकला असं म्हणता येईल का?

मोजपट्टी

नाही, असं म्हणता येणार नाही. तुमचे आकडे या मुद्द्यासाठी अगदी योग्य आहेत, तेच घेऊन दाखवतो.

प्रत्येक गटाचा गुण म्हणजे टाळणाऱ्या वजा जाणाऱ्या, भागिले एकूण. पहिला ०.७०, दुसरा ०.३०. सरासरी ०.५०, हाच खरा गुणांक. दोन्ही गट या सरासरीपासून ०.२० ने लांब आहेत, एक वर, एक खाली. तो फरक म्हणजे माश्यांना ऑक्टॅनॉल मुळातच थोडं जास्त नकोसं आहे. काहीच न शिकलेल्या माश्या घेतल्या असत्या तर पहिल्या पद्धतीने ०.२० आणि दुसऱ्या पद्धतीने उणे ०.२० आलं असतं. सरासरी शून्य. म्हणून उलटसुलट दोन गट मिळून एक 'एन', म्हणजे प्रयोगाची एक नोंद, धरायची. २०० माश्या म्हणजे एक आकडा. दोन गट वेगवेगळे धरून एन दुप्पट दाखवणं ही चूक आहे.

ऑक्टॅनॉल थोडं पातळ करा आणि न शिकवलेल्या माश्या निम्म्या-निम्म्या होईपर्यंत जुळवा. नुसत्या सरासरीवर विसंबू नका. ओढाताण फार असेल तर एका गटाचा गुण १ ला टेकतो, आणि मग सरासरीने ती दुरुस्त होत नाही. सामान्य माश्यांचा लगेचच्या चाचणीतला गुणांक ०.६ च्या खाली रेंगाळत असेल, तर नवीन प्रयोग थांबवून उपकरणाकडे पाहावं.

कडुलिंब

गुणांक कमी आला म्हणजे माशी 'शिकली नाही' असंही लगेच म्हणू नये. तिला वास येत नसेल, शॉक जाणवत नसेल, चालताच येत नसेल. वासाच्या वाटेची ही जनुकीय उकल आपल्या मुंबईतही झाली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात वास ओळखू न शकणाऱ्या म्यूटंट (एखादं जनुक बिघडलेल्या) माश्या वेगळ्या केल्या. 'वास न येणारी' आणि 'वास येऊनही न शिकणारी' यांतला फरक दाखवल्याशिवाय स्मृतीच्या प्रयोगाला किंमत नाही.

त्यासाठी वास विरुद्ध स्वच्छ हवा आणि शॉक विरुद्ध शॉक नाही, या दोन चाचण्या हव्यातच. त्यातही वासाची चाचणी नुसत्या कोऱ्या माश्यांवर घेऊन भागत नाही. शॉक आणि वास झेललेल्या माशीची वासाला असलेली सहज प्रतिक्रिया बदलते. म्यूटंटमध्ये हा बदल वेगळा असू शकतो. म्हणून नियंत्रण गटालाही तेवढाच शॉक आणि तेवढाच वास द्यावा, फक्त जोडी जुळू देऊ नये.

आता जनुकं. १९७६ मध्ये डन्स हा पहिला 'न शिकणारा' म्यूटंट जाहीर झाला, पुढे रुटाबागा. डन्समध्ये सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू मोडणारं एन्झाइम बिघडलेलं, रुटाबागामध्ये ते बनवणारं. एकात ते साचतं, दुसऱ्यात पुरेसं बनत नाही, आणि शिकणं दोन्हीत बिघडतं. रुटाबागाचं एन्झाइम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याला दोन गोष्टी एकत्र लागतात: केन्यन पेशी पेटल्याने आत आलेलं कॅल्शियम, आणि डोपामिनच्या ग्राहीकडून आलेला निरोप. एकेकटं आलं तर थोडंच चालतं, दोन्ही आले की जोरात. वास आणि शॉक एकाच वेळी आले, हे माशीच्या मेंदूत या एका रेणूपाशी जुळतं.

क्रमही महत्त्वाचा. वास आधी आणि डोपामिन मागोमाग, तर जोड कमकुवत. डोपामिन आधी आणि वास नंतर, तर त्याच जोडावर उलटा परिणाम होऊ शकतो. वागण्यातही तेच दिसतं: शॉक संपताना आलेला वास माशीला थोडा हवासा होतो. म्हणून टायमरमधला काही सेकंदांचा घोळ परवडत नाही. पंप चालू केल्यावर वास नळीत पोचायला लागणारा वेळ मोजून शॉक त्यानुसार मागे सरकवावा.

स्मृती केन्यन पेशींच्या जोडापाशी आहे हे आधी कळलं ते शिबिरे म्यूटंटच्या जोरावर. शिबिरेचं तापमान-संवेदी रूप हव्या त्या पेशींत घातलं की ३० अंशांच्या वर त्या पेशींचं प्रेषण, म्हणजे पुढच्या पेशीला संदेश पाठवणं, थांबतं आणि थंड केलं की सुरू होतं. २००१ मध्ये केन्यन पेशींचं प्रेषण फक्त शिकवताना बंद केलं. स्मृती शाबूत. फक्त चाचणीच्या वेळी बंद केलं. स्मृती दिसेना. पेशी पुढे काहीच पाठवत नसताना शिकणं झालं, तर त्याची खूण प्रेषणाच्या अलीकडे, केन्यन पेशीच्या टोकातच पडली असली पाहिजे. इतका स्वच्छ युक्तिवाद या क्षेत्रात विरळा.

हा प्रयोग करताना माश्या अर्धा तास आधी ३२-३३ अंशांवर ठेवाव्यात, उपकरणही तितकंच तापवलेलं हवं. पेशी निवडणारा घटक (गॅल४) एकटा, शिबिरे वाहणारा घटक (यूएएस) एकटा, दोन्ही एकत्र, आणि हेच तिन्ही वाण २५ अंशांवर, असे सगळे गट हवेत. तापलेल्या सामान्य माश्यासुद्धा जास्त धावतात.

पाटीपेन्सिल

साखरेची बाजू राहिली. तिथे निर्णयाचा भाग जास्त उघड दिसतो.

माश्या १८ ते २४ तास उपाशी ठेवायच्या, पण पाण्याविना नाही. नळीत १ टक्का अगार. किती तास हे वाण आणि तापमानावर ठरतं. काही माश्या मरायला लागल्या की वेळ जास्त झाली, एकही मेली नाही आणि गुणांकही कमी, तर भूक पुरेशी नाही. गाळणकागदावर २ मोलर साखरेचं द्रावण ओतून तो पूर्ण सुकवायचा. ओलसर राहिला तर माश्या चिकटतात. एक वास कोऱ्या कागदासोबत २ मिनिटं, मग दुसरा साखरेसोबत २ मिनिटं. इतक्या एका फेरीत २४ तासांनीही दिसणारी स्मृती होते. शॉकच्या बाबतीत तेवढी टिकाऊ स्मृती हवी तर १० फेऱ्या, आणि मधे १५-१५ मिनिटांची विश्रांती लागते. विश्रांतीशिवाय सलग दहा दिल्या तर प्रथिनं बनण्यावर अवलंबून असलेली ती स्मृती तयार होत नाही.

साखर नुसती गोड असून चालत नाही. अरॅबिनोज गोड आहे पण पोषक नाही. त्याने अल्पकाळाची स्मृती होते, दुसऱ्या दिवशी फारसं उरत नाही. त्यात बेचव पण पोषक सॉर्बिटॉल मिसळलं की टिकते.

आता पुढचं. शिकवलेल्या माशीला पोटभर खाऊ घाला आणि मग चाचणी घ्या. ती साखरेच्या वासाकडे फारशी जात नाही. पुन्हा उपाशी ठेवा, जाते. स्मृती तिथेच होती, तिच्यावर वागण्याची परवानगी नव्हती. ही परवानगी देणारी पेशी म्हणजे गंधवेध यांनी सांगितलेल्या गामा-१ पेडंकल कप्प्याचीच डोपामिन पेशी. पोट भरलेलं असताना ती साखरेच्या स्मृतीला आवर घालते. भूक लागली की डीएनपीएफ नावाचं न्यूरोपेप्टाइड तिला गप्प करतं. शिक्षेची स्मृती लिहिणारी आणि भुकेचं दार सांभाळणारी पेशी एकच. मला या सर्किटमधली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शिकणं आणि ठरवणं यांचे वेगळे विभाग आपण पुस्तकात पाडतो, इथे दोन्ही एकाच पेशीत आहेत.

सांजधून

पण याला 'निर्णय' म्हणावं का? वास आला, जोड कमकुवत होता, माशी वळली. हे प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षा वेगळं कशावरून? आणि विसरण्याचं काय? शॉकशिवाय तोच वास वारंवार दिला तर भीती जाते. म्हणजे कमकुवत झालेला जोड पूर्ववत होतो का?

गंधवेध

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

भीती जाण्याचं आधी घेतो. ऑक्सफर्डमध्ये स्कॉट वॉडेल यांच्या गटाने दाखवलं की मूळ खूण पुसली जात नाही. अपेक्षित शॉक आला नाही, हेच माशीला बक्षिसासारखं ठरतं. पीएएम गटातल्या पेशी दुसऱ्या कप्प्यात उलट अर्थाची स्मृती लिहितात. आता दोन कप्प्यांत दोन विरुद्ध नोंदी आणि दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास. वागणं पाहून 'विसरली' वाटतं, कप्पे पाहिले तर दोन्ही स्मृती तिथेच आहेत.

निर्णयाबद्दल. २०१४ चा प्रयोग पाहा. माशीला एकाच वासाची एक तीव्रता टाळायला शिकवलं. मग ५० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद अशा अरुंद कोठडीत एकेकटी सोडली आणि दोन टोकांकडून दोन तीव्रता दिल्या. तीव्रतांमधे मोठा फरक असेल तर ती झटकन आणि बिनचूक ठरवते. फरक कमी केला तसा वेळ वाढत जातो आणि चुकाही वाढतात. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेत तुलना अवघड झाली म्हणून वेळ असा वाढत जाण्याचं कारण नाही. फॉक्स-पी जनुक बिघडलेल्या माश्या अवघड तुलनेत आणखी वेळ घेतात, आणि तरी त्यांची अचूकता वाढत नाही. हे जनुक मशरूम बॉडीच्या मोजक्या केन्यन पेशींत लागतं. २०१८ मध्ये त्याच पेशींत इलेक्ट्रोड घालून पाहिलं, तेव्हा पेशीतला दाब, म्हणजे व्होल्टेज, पुरावा साचत जावा तसा हळूहळू उंबरठ्याकडे चढताना दिसला. फॉक्स-पी पोटॅशियमच्या एका वाहिनीचं प्रमाण ठरवतं. वाहिन्या जास्त झाल्या की पेशी गळक्या माठासारखी होते: पुरावा येत राहतो पण पातळी चढत नाही, आणि निर्णय लांबतो.

कडुलिंब

याला जोडून एपीएल पेशीचा उल्लेख हवा. दर बाजूला एकच, आणि ती सगळ्या केन्यन पेशींना दाबून धरते. तिला बंद केलं की एका वासाला बऱ्याच जास्त केन्यन पेशी पेटतात आणि वेगवेगळ्या वासांच्या यादीत तीच नावं येऊ लागतात. अगदी वेगळे वास माशी तरीही ओळखते, पण मिळतेजुळते गोंधळवतात. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल अॅसिटेट आणि त्याच्याच जवळचं ब्युटाइल अॅसिटेट यांची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं दिली, की ती फसते. म्हणून एखाद्या म्यूटंटचा दोष शोधताना फक्त ऑक्टॅनॉलच्या सोप्या जोडीवर थांबू नये.

निळीशाई

शॉकऐवजी प्रकाशाने डोपामिन पेशी पेटवायच्या असतील तर? मेझ तोच चालेल?

मोजपट्टी

मेझ चालेल, दिवा चालणार नाही. त्यासाठी डोपामिन पेशींत घालतात ती सीएसक्रिमसन ही वाहिनी लाल प्रकाशानेच उघडते. नेहमीच्या मंद लाल दिव्याखाली काम केलंत तर दोन्ही वासांच्या वेळी, आणि चाचणीतही, डोपामिन पेशी थोड्याथोड्या पेटत राहतील. गुणांक शून्याकडे येईल आणि दोष वाणाला दिला जाईल. माश्या भरण्यापासून सगळं काळोखात, पाहण्यासाठी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा आणि कॅमेरा.

अन्नात ऑल-ट्रान्स-रेटिनल हवं, त्याशिवाय वाहिनी काम करत नाही. ते उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं, म्हणून अन्न कोमट झाल्यावर मिसळावं आणि नळ्या पहिल्या दिवसापासून फॉइलमध्ये ठेवाव्यात. त्याच वाणाच्या पण रेटिनल न दिलेल्या माश्या हे उत्तम नियंत्रण: जनुक तेच, प्रकाश तोच, वाहिनी मात्र बंद.

सांजधून

शेवटची शंका. गुणांक ०.५ म्हणजे शंभरातल्या ७५ बरोबर. या ७५ हुशार आणि २५ मठ्ठ, असं आहे का?

गंधवेध

हा प्रश्न १९७४ च्या मूळ प्रयोगातच तपासला गेला. शिकवलेल्या माश्यांचे चाचणीनंतर दोन गट केले, टाळणाऱ्या आणि न टाळणाऱ्या, आणि दोन्हींची पुन्हा चाचणी घेतली. तुम्ही म्हणता तशी माणसांसारखी विभागणी असती तर पहिल्या गटाने जवळजवळ पूर्ण टाळायला हवं होतं आणि दुसऱ्याने मुळीच नाही. तसं झालं नाही. दुसऱ्या फेरीत दोन्ही गटांनी सारख्याच प्रमाणात टाळलं. म्हणजे शिकलेली प्रत्येकच माशी होती, आणि दर वेळी प्रत्येकीची बरोबर निवडण्याची शक्यता सारखीच होती. तुमच्या उदाहरणात ती चारात तीन.